गुणगुणल्याबद्दल निलंबित

प्रति,
मा. परवाना व अनुपालन अधिकारी साहेब,
लघु आस्थापना शाखा, दुसरा मजला,
(सध्या मुक्काम : अभिलेख कक्ष, तोच मजला, दाराच्या आतील बाजूस)

विषय : स्वतःच्याच दुकानातून निलंबित झालेल्या कुलूपवाल्यास आज कार्यालय सुटण्यापूर्वी कामावर परत घेण्याबाबत.

संदर्भ : १) आपला निलंबन आदेश, तीस दिवसांपूर्वीचा.
२) माझे यापूर्वीचे चार अर्ज, पैकी दोन क्रम चुकल्यामुळे परत आलेले.
३) आज दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी आपण दारावर आतून मारलेल्या थापा.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, माझे कुलूप-किल्ल्यांचे दुकान आपल्या आदेशान्वये बंद असून आज त्याचा तिसावा दिवस आहे. सलग तीस दिवस बंद राहिलेल्या आस्थापनेचा परवाना आपोआप रद्द होतो, असे आपल्याच नियमपुस्तिकेत छापलेले आहे. म्हणजे आज साडेपाचला आपले कार्यालय सुटले की माझा सव्वीस वर्षांचा परवाना गेला. नवा परवाना नव्या नियमाने मिळतो, आणि नव्या नियमाने दुकान किमान बारा फूट रुंद लागते. माझे साडेपाच फूट आहे. शेजारचे सलूनवाले भाऊ कितीही चांगले असले तरी मला साडेसहा फूट काढून देणार नाहीत. तेव्हा आपली एक सही मिळाली तर मी कुलूपवाला, नाही तर घरी बसलेला माणूस, इतकाच हा प्रश्न आहे.

२. आपण स्वतः गेला तासभर अभिलेख कक्षात अडकलेले आहात, याची मला पूर्ण जाणीव आहे व त्याबद्दल मनापासून वाईट वाटते. त्याविषयी परिच्छेद ९ मध्ये स्वतंत्रपणे लिहिले आहे. ते आधी लिहायला हवे होते, हे कळते. पण मग क्रम चुकतो, आणि क्रम चुकलेला अर्ज आपण परत करता. दाराखालून परत आलेला अर्ज पुन्हा लिहायचा म्हणजे आणखी तास जाणार. म्हणून कृपया शेवटचे पान आधी वाचू नये.

३. माझे दुकान आपण पाहिलेले नाही, म्हणून सांगतो. सलून आणि चपलांचे दुकान यांच्यामध्ये जी बोळ राहिली होती, तिच्यावर पत्रा टाकला की जे होते, ते माझे दुकान. आत एक स्टूल, पकड ठोकलेला एक पाट, कानशींचा डबा, आणि मागच्या भिंतीवर खिळ्यांना लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या. मालक एक, कामगार एक, आणि ते दोघे एकाच सदऱ्यात असतात. रस्त्यापलीकडे कुलपांच्याच एका मोठ्या कंपनीची पाच मजली इमारत आहे. तिच्या काचेत माझ्या दुकानाचा पत्रा दिसतो. आमचा दोघांचा धंदा एकच असल्यामुळे आम्हा दोघांना नियमही एकच लागू आहे, असे आपल्या निरीक्षक साहेबांनी मला पहिल्याच भेटीत हसून सांगितले.

४. तो नियम असा की, प्रत्येक आस्थापनेत एक सुरक्षा अधिकारी, एक प्रशिक्षण अधिकारी, एक तक्रार अधिकारी व एक नोंदणी अधिकारी असावा, व चौघांची दरमहा बैठक होऊन इतिवृत्त सादर व्हावे. चारही पदे मीच भूषवतो. पहिल्या महिन्यात मी इमानेइतबारे स्टुलावर बसून बैठक घेतली आणि "सर्वांनी एकमताने ठरवले" असे लिहून दिले. निरीक्षक साहेब म्हणाले, यात चर्चा दिसत नाही, थोडे मतभेद दाखवा. तेव्हापासून माझा सुरक्षा अधिकारी माझ्या प्रशिक्षण अधिकाऱ्याला टाकून बोलतो. चौथ्या महिन्यात तर नोंदणी अधिकारी सभात्याग करून गेला. त्यावर शेरा आला की, सभात्याग केलेल्या अधिकाऱ्याने इतिवृत्तावर सही कशी केली, याचा खुलासा करावा.

आगीच्या कवायतीचेही तसेच. घंटा मीच वाजवायची, घाबरायचे मीच, बाहेर पळायचे मीच, आणि बाहेर उभे राहून मोजायचेही मीच. आत असलेले एक, बाहेर आलेले एक, राहिलेले शून्य, लागलेला वेळ दोन सेकंद. त्यावर शेरा : "कवायत घाईघाईत उरकलेली दिसते." बाहेर पडल्यावर जमण्याची जागा दुकानापासून पंधरा मीटरवर हवी होती. मी चुन्याने पंधरा मीटर मोजले तर ते नेमके त्या कंपनीच्या फाटकाच्या आत आले. तिथल्या पहारेकऱ्याने मला कवायतीत दोनदा अडवले. आता खरी आग लागली तर मला आधी त्यांची भेटीची वेळ घ्यावी लागेल.

५. कंपनीला यातले काही करावे लागत नाही. हे मी मत्सराने लिहीत नाही. चौकशी केली तेव्हा आपल्याच खिडकी क्रमांक तीनच्या बाईंनी पान काढून दाखवले. पाचशेहून अधिक कर्मचारी असलेली आस्थापना "स्वतःवर लक्ष ठेवण्यास सक्षम" मानली जाते. तिने संगणकावर एका चौकोनात बरोबरची खूण करायची, की वर्षाचे झाले. शिवाय ती खूण करायला त्यांच्याकडे चाळीस माणसांचा विभाग आहे. माझ्याकडे एकच माणूस असल्यामुळे मला अकरा फॉर्म आहेत आणि ते समक्ष आणून द्यायचे आहेत.

निरीक्षक साहेब एकदा मोठ्या उत्साहाने कंपनीत तपासणीला गेलेही होते. फाटकावर त्यांचा फोटो काढला, गळ्यात पट्टा घातला, सोफ्यावर दोन तास बसवले आणि संबंधित साहेब बैठकीत आहेत असे सांगून हातात एक पेन देऊन परत पाठवले. दिवसाच्या तपासण्यांचा आकडा तर भरायचा होता. मग ते रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. माझी तपासणी सकाळीच होऊन गेली होती, ती दुपारी पुन्हा झाली. सकाळी पाटावर उजवीकडे असलेली कानस दुपारी डावीकडे का आढळली, याचा खुलासा मी तीन प्रतींत दिला. साहेब, दोष त्यांचा नाही. माझ्या दुकानाला दारच नाही, तर मला कोण घाबरणार.

६. आता मूळ प्रकरण. फॉर्म क्रमांक सातमध्ये "वर्षभरात प्राप्त तक्रारी" असा रकाना आहे. मी शून्य लिहिले. बाई म्हणाल्या, काका, शून्य चालत नाही, शून्य टाकले की संगणक पुढेच सरकत नाही, काहीतरी एक लिहा. मी खोटे लिहिणारा माणूस नव्हे. घरी गेलो आणि पत्नीला विचारले की, बाई गं, आस्थापनेबद्दल तुझी काही तक्रार आहे का. ती म्हणाली, "एकच सांगू, की वही काढता?" मी म्हटले, एकच पुरे. तेव्हा ती म्हणाली की, तुम्ही काम करताना गुणगुणता, आणि गुणगुणता तेही एकच ओळ, पुढची तुम्हाला येतच नाही. दुपारचा डबा घेऊन ती दुकानात येते आणि मी जेवेपर्यंत बसते, त्यामुळे तिला याची पूर्ण माहिती आहे. तक्रार खरी होती. मी ती लिहून दिली.

संगणकात गुणगुणण्यासाठी वेगळा प्रकार नव्हता. सर्वांत जवळचा प्रकार "कामाच्या ठिकाणी ध्वनीद्वारे त्रासदायक वर्तन" हा निघाला. बाईंनी तो निवडताच त्यापुढे "गंभीर" हा शब्द आपोआप उमटला, आणि चौथ्या दिवशी आपला आदेश आला. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला चौकशी पूर्ण होईपर्यंत निलंबित करावे. त्याने आस्थापनेत पाऊल ठेवू नये. आस्थापनेच्या हत्यारांना आत किंवा बाहेर हात लावू नये. आदेश मालकाने कामगारावर बजावायचा होता. मी आरशासमोर उभा राहून तो स्वतःला वाचून दाखवला व पोच म्हणून सही घेतली.

कंपनीनेही त्याच महिन्यात आपली माहिती भरली होती, हे नम्रपणे निदर्शनास आणतो. त्यांच्या तक्रारी एक हजार दोनशे चाळीस होत्या आणि त्यांपुढे "निवारण प्रगतिपथावर" असे लिहिले होते. सर्वाधिक तक्रारी खुल्या मनाने नोंदवल्याबद्दल त्यांना आपल्या खात्याने प्रशस्तिपत्र दिले. ते त्यांनी काचेत लावले आहे. माझ्या दुकानातून ते स्पष्ट वाचता येते, म्हणजे दुकान उघडे होते तेव्हा येत असे.

७. चौकशी मालकाने करायची आहे. मालक मी आहे. परंतु मी निलंबित असल्यामुळे मला चौकशी करता येत नाही, आणि चौकशी होत नाही तोवर निलंबन उठत नाही. हा पेच मी दुसऱ्या अर्जात मांडला होता. त्यावर "नियमानुसार कार्यवाही करावी" असे उत्तर आले. मी ते उत्तर पत्नीला दाखवले, तिने सलूनवाल्या भाऊंना दाखवले, त्यांनी ते खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाला दाखवले, पण कार्यवाही म्हणजे काय करायचे हे कुणालाच उमगले नाही.

पत्नीने तक्रार मागे घेते असे लिहून दिले. ते नामंजूर झाले, कारण तक्रारदार आणि आरोपी एकाच पत्त्यावर राहतात, त्यावरून तिच्यावर दबाव असल्याचे गृहीत धरले गेले. उलट, चौकशी संपेपर्यंत मी तक्रारदाराशी बोलू नये, असा पुरवणी आदेश मिळाला. साहेब, आमचे घर दोन खोल्यांचे आहे. मी तो आदेश पाळतो. आमटी अळणी झाली तर मी चिठ्ठी लिहून पाण्याच्या तांब्याखाली ठेवतो. पहिल्या आठवड्यात तिला हसू यायचे. दुसऱ्या आठवड्यात मी करमत नाही म्हणून घरातल्या साऱ्या कड्या-कुलपांना तेल घातले, कपाटाचे कुलूप खोलून पुन्हा बसवले, आणि ते आता पूर्वीपेक्षा वाईट लागते. काल तांब्याखाली तिचीच चिठ्ठी होती. तीत लिहिले होते : "घर फार शांत झालंय. तीच एक ओळ म्हणा, पण म्हणा." मला ती वाचून रडू आले, हे मी अधिकृतपणे नमूद करतो. चिठ्ठी सोबत जोडली आहे, वाचून परत करावी.

८. नियमच नकोत, असे माझे म्हणणे नाही. कुणाचा हात यंत्रात जाऊ नये, कुणाचे ऐकून घेणारे कुणी असावे, हे मलाही पटते. पण मी कुलूप हातात घेतल्याशिवाय किल्ली कापत नाही. हा नियम ज्यांनी कापला, त्यांनी पाच मजली इमारत तेवढी पाहिली असावी. तिला तो सैल बसला आणि मला तो बसतच नाही, आणि बसत नाही म्हणून दुकानच बंद केले. याउपर मला या परिच्छेदात काही म्हणायचे नाही, कारण रागाच्या भरात माझे अक्षर बिघडते.

९. आता आजची घटना. माझी सुनावणी तीन वाजता होती. मी अडीचपासून बाकावर होतो. माझी फाईल सापडेना, म्हणून आपण स्वतः अभिलेख कक्षात गेलात, याबद्दल मी ऋणी आहे. इतरांनी पुढची तारीख दिली असती. त्या कक्षाच्या दाराला एकोणीस वर्षे मी बसवलेले पितळी कुलूप होते. गेल्या महिन्यात ते काढून तेथे समोरच्या कंपनीचे अंगठ्याने उघडणारे कुलूप बसवले गेले, कारण आता सरकारी कार्यालयाला कुलूप पुरवणारी आस्थापना पाचशे कर्मचाऱ्यांची लागते. आपण आत गेल्यावर दार आपोआप लागले. बाहेर येण्यासाठी आपण अंगठा लावलात. अंगठ्याला शिक्क्याच्या पॅडची जांभळी शाई होती. यंत्राने आपल्याला ओळखले नाही. पाच वेळा नाकारल्यावर यंत्राने आपली नोंद "संशयित इसम" अशी केली व दार बंदच ठेवले. हे सर्व दारावरच्या छोट्या पडद्यावर लाल अक्षरांत दिसते आहे.

आपला मोबाईल बाहेर टेबलावर चार्जिंगला आहे. खिडकी तीनच्या बाईंनी कंपनीला फोन लावला. यंत्राने बाईंना आधी एक दाबायला सांगितले, मग चार, मग पुन्हा एक. शेवटी तेरा आकडी तक्रार क्रमांक मिळाला. कंपनीचा माणूस कामकाजाच्या तीन दिवसांत येईल. उद्या व परवा सुट्टी आहे. दार तोडल्यास करारभंग होतो, हेही यंत्राने आवर्जून सांगितले.

१०. हे कुलूप उघडायला चहा निवायला लागतो त्याहून कमी वेळ लागेल. पडद्याखाली बोटभर रुंदीचे एक झाकण आहे. त्याआड अडीअडचणीसाठी साधे किल्लीचे भोक दिलेले आहे, आणि आत पोरांच्या सायकलीला असते तसले कुलूप आहे. एवढ्या मोठ्या कंपनीने आत असले कुलूप घालावे, याचे मला एक कारागीर म्हणून वाईट वाटले. माझी हत्यारांची पिशवी सलूनवाले भाऊ गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर सोडून घेऊन आले आहेत व ती त्यांच्याच हातात आहे. मी तिला स्पर्श केलेला नाही. त्यांना आणि बाईंना साक्षीदार धरावे.

आपण आतून "उघडा, उघडा" असे दोनदा म्हणालात, हे खरे. परंतु तोंडी आदेशावर कोणतीही कार्यवाही करू नये, असे आपल्याच सहीचे परिपत्रक बाकाच्या वरच लावलेले आहे. मी दोन तास त्याच्याचखाली बसलो आहे, त्यामुळे ते मला पाठ झाले आहे. यात अडवणुकीचा किंवा दबावाचा काडीमात्र हेतू नाही. नियम मोडला तर माझे प्रकरण आणखी बिघडेल, एवढीच भीती आहे.

११. तरी विनंती की, या कागदाच्या पाठीमागे "निलंबन आजपासून रद्द" असे तीन शब्द लिहून, सही करून कागद दाराखालून बाहेर सरकवावा. शिक्का बाहेर बाईंकडे तयार आहे. आतल्या झरोक्याखाली उजेड बरा असतो; पूर्वी कुलूप बसवताना मी तिथेच बसलो होतो. सही मिळताच मी प्रथम आपले दार उघडीन व नंतर माझे दुकान.

आपला नम्र, निलंबित, आणि अजून तरी दाराबाहेरच असलेला,

(सही)
चावीकाका
अर्जदार, आरोपी तथा चौकशी अधिकारी

दिनांक : निलंबनाचा तिसावा दिवस
वेळ : सायंकाळचे चार वाजून पस्तीस मिनिटे

सोबत :
१) पत्नीची चिठ्ठी (मूळ प्रत, परत करावी).
२) कवायतीचा नकाशा, त्यावर बाण एक.
३) पेन. आपले पेन टेबलावरच राहिले आहे. हे सलूनवाल्या भाऊंचे असून झाकण लावून परत करावे.

ताजा कलम : वेळ चार वाजून पन्नास मिनिटे.

अर्ज घडी घालून दाराखाली सरकवण्यासाठी वाकलो, तेव्हा फटीतून आपला आवाज ऐकू आला. थापा थांबल्या होत्या. आपण गुणगुणत होता. बाईंनी ऐकले, भाऊंनीही ऐकले. "कामाच्या ठिकाणी ध्वनीद्वारे" वगैरे मी काही म्हणणार नाही. माझी तक्रार नाही, आणि रकान्यात शून्यच लिहावे. आपल्यालाही एकच ओळ येते, हे मात्र लक्षात आले.

साहेब, मी साडेपाच फुटांच्या बोळीत सव्वीस वर्षे एकटा बसलो आहे. माणूस बंद जागेत गुणगुणायला लागतो तेव्हा त्याला एकटे वाटत असते, हे मला कुणी सांगायला नको. मला राहवले नाही. बाईंच्या केसांतला आकडा मागून घेतला आणि कुलूप उघडले. आकडा हे माझ्या आस्थापनेचे हत्यार नव्हे, तो बाईंना परत दिला आहे, थोडा वाकला आहे. तरीही निलंबित असताना मी काम केले, हे लपवत नाही. फॉर्म क्रमांक नऊमध्ये नोंद घ्यावी.

दार आता उघडे आहे. नुसते लोटायचे आहे. मात्र निलंबित इसमाने उघडलेल्या दारातून अधिकाऱ्याने बाहेर येणे नियमात बसते की नाही, हे मला सांगता येणार नाही. ते आपण तपासावे. आधी सही केलीत आणि वेळ पावणेपाचची टाकलीत तर बसते, असे बाईंचे मत आहे. साडेपाचला अजून चाळीस मिनिटे आहेत. मी बाकावर बसलो आहे.